वाचणारा एक, ऐकणारे अनेक

शास्त्रपाठ : यशया २९:११-१२, प्रेषितांची कृत्ये ८:२६-३९, प्रकटीकरण १:३



आपण पुस्तकाचे लोक आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी पाटी-पेन्सिल हातात धरली ती शास्त्र वाचता यावे म्हणून. पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची शेवटची वर्षे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तोवर हे काम त्यांनी सोडले नाही. कमी शिकलेल्या बाईलाही देवाचे वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, हीच त्यांची तळमळ. आजही आपल्या घरी मूल वाचू लागले की आपण पहिल्याने त्याच्या हाती शुभवर्तमान देतो.

हा वारसा मोठा आहे, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. परंतु त्यातून नकळत आपल्या मनात एक समजूत शिरली आहे. ती अशी की, जो वाचतो तो देवाच्या जवळ, आणि जो वाचत नाही तो थोडा दूर. मग ज्याने आयुष्यभर वाचले आणि एके दिवशी ज्याच्यापुढची अक्षरेच पुसली गेली, त्याचे काय? तो आंधळा नाही, निरक्षर नाही, त्याची बुद्धी शाबूत आहे. तरीही छापील पान त्याला परके झाले. अशा बंधूला आपण काय सांगणार? हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही, तो आमच्या स्वतःच्या चुकीतून आला. ती चूक प्रथम कबूल करणे बरे.

ग्वाल्हेरात मराठी ख्रिस्ती घरे थोडी. रविवारची उपासना हिंदीत होते, पण गुरुवारी संध्याकाळी आम्ही काही कुटुंबे कोणाच्या तरी घरी जमून मराठीत प्रार्थनासभा चालवतो. या सभेत शास्त्रवाचन करण्याचा मान कित्येक वर्षे एका वयोवृद्ध बंधूंकडे होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. रेल्वेच्या नोकरीत हिशेब करण्यात त्यांचे आयुष्य गेले. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. ते वाचू लागले म्हणजे लहान मुलेसुद्धा गप्प बसत.

एका पावसाळ्यात काका आजारी पडले. मेंदूला रक्त पोहोचवणारी एक नस बंद झाली असे डॉक्टरांनी सांगितले. थोड्या दिवसांनी ते घरी आले. हातपाय ठीक, बोलणे ठीक, ओळखपाळख ठीक. आम्ही सर्वांनी देवाचे उपकार मानले, आणि पुढच्याच गुरुवारी त्यांच्या हाती शास्त्र देऊन २३ वे स्तोत्र वाचण्याची विनंती केली. काकांनी पुस्तक उघडले. पान पाहिले, पुन्हा पाहिले, बोट ठेवले, बोट उचलले. कोणी काही बोलेना. शेवटी आम्हीच हसून म्हणालो, “काका, चष्मा घरी राहिला वाटतं?” आणि पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन एका तरुणाला दिले.

त्यानंतर काका सभेला येईनासे झाले. दोन महिने गेले. आम्हांला वाटले, पुस्तक काढून घेतल्याचा राग आला असावा. बंधूंनो, आम्ही त्यांना भेटायला गेलो नाही. उलट एका गुरुवारी इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायातून, आपले एकत्र जमणे सोडू नये या विषयावर बोध केला, आणि बोलताना आमची नजर त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. ती कोणाच्या ध्यानात आली नाही असे नाही.

त्यांची सून एके दिवशी आमच्या घरी आली. तिने एक चिठ्ठी पुढे केली. अक्षर काकांचेच, वळणदार. तीत लिहिले होते की, शास्त्रवाचनाच्या यादीतून माझे नाव काढावे, मी आता या कामाचा राहिलो नाही. आम्ही तसेच उठून त्यांच्याकडे गेलो. चिठ्ठीतला एक शब्द नीट लागत नव्हता, म्हणून ती त्यांच्यापुढे धरून विचारले, “काका, हा शब्द काय लिहिलात?” त्यांनी कागदाकडे पाहिले आणि मान खाली घातली. सून हळूच म्हणाली, “दादा, बाबा लिहितात, पण आपलंच लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही.”

मग काका म्हणाले, “अरे, अक्षरं दिसतात मला. काळी काळी, ओळीत उभी. पण बोलत नाहीत. शास्त्र बंद झालं बघ माझं.”

आम्ही ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, पण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा आजार काय आहे?

पुढे आम्ही डॉक्टरांना विचारले, काही वाचले, तेव्हा कळले की ही गोष्ट वैद्यकाला जुनी माहीत आहे. १८८७ साली पॅरिस शहरात एका सुशिक्षित व्यापाऱ्याला एकाएकी वाचता येईना. त्यालाही वाटले, चष्मा बदलावा लागेल, म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डोळे चांगले होते. बोलणे चांगले होते. हातात लेखणी दिली तर तो सरळ लिही, पण लिहिलेले त्याच्यापुढे ठेवले तर त्याला ते वाचता येत नसे. अक्षरे दाखवली तर त्यांचा आकार तो सांगे, हे चित्रकाराच्या घोडीसारखे, हे सापासारखे. नाव मात्र सांगता येत नसे. ज्यूल देजेरीन नावाच्या डॉक्टरांनी त्याची तपासणी केली. १८९२ साली तो मनुष्य वारला, तेव्हा त्यांनी त्याचा मेंदू तपासला आणि इजा कोठे झाली होती ते जगाला दाखवून दिले.

ती इजा समजायला फार कठीण नाही. आपण डोळ्यांनी जे पाहतो त्याची बातमी डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूच्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंना पोहोचते. पण अक्षर म्हणून ते ओळखण्याचे काम बहुतेक माणसांत डाव्या बाजूला, मागे तळाशी असलेल्या एका लहानशा भागात होते. तेथून पुढे ती बातमी बोलीच्या भागाकडे जाते. डाव्या बाजूचा पाहण्याचा भाग बिघडला आणि उजवीकडून डावीकडे येणारा पूलही तुटला, म्हणजे उजव्या बाजूला अक्षर दिसते, पण ते ओळखणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पत्र गावात आले, पण पोस्टमनची वाट बंद, अशी ही स्थिती. लिहिण्याची वाट वेगळी असल्यामुळे ती चालू राहते.

अशा इजेचे प्रकार निरनिराळे आहेत. कोणाचे वाचणे व लिहिणे दोन्ही जाते. कोणाचे बोलणेही त्याबरोबर अडते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर काही जणांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, आणि ते ओळीचा किंवा शब्दाचा डावा भाग गाळून वाचतात. पक्षाघाताचा झटका, डोक्याला मार, मेंदूतील गाठ, अशी कारणे अनेक. आपल्या देशातही याचा अभ्यास झाला आहे. कन्नड आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या एका रुग्णाच्या अशाच वाचनलोपाविषयी डॉ. प्रतिभा कारंथ यांनी १९८१ साली लेख प्रसिद्ध केला. म्हणजे हा काही परदेशी लिप्यांचाच आजार नव्हे.

पॅरिसच्या त्या गृहस्थाची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याला अक्षरे वाचता येत नव्हती, तरी अंक वाचता येत होते. हे ऐकल्यावर आम्ही काकांपुढे दिनदर्शिका ठेवली. वाराचे नाव त्यांना लागले नाही, पण तारखेवर बोट ठेवून ते लगेच म्हणाले, “सतरा.” आणि कित्येक महिन्यांनी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

किल्ल्यावरचा लेख

यावरून आम्हांला आपल्या गावची एक गोष्ट आठवली. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर खडकात कोरलेले एक चतुर्भुज मंदिर आहे. तेथे इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. शब्बाथशाळेच्या मुलांना सहलीला नेले असता आम्ही तो दाखवला होता. मुलांनी लेखावर नजर फिरवली आणि एका मुलीने विचारले, “दादा, ही कुठली भाषा?” तिला काय, आम्हांलाही त्यातला शब्द लागत नव्हता. पण कोठे पाहायचे ते दाखवल्यावर मुले ओरडली, “दोनशे सत्तर!” त्या लेखात २७० हात लांब व १८७ हात रुंद अशा बागेचा, आणि रोजच्या ५० फुलमाळांचा उल्लेख आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील ते लहानसे वाटोळे शून्य पाहण्यासाठी लांबलांबचे विद्वान येथे येतात.

त्या दिवशी लेखापुढे आम्ही सगळेच काकांसारखे उभे होतो. अक्षरे समोर, डोळे उघडे, आकडा कळतो, शब्द कळत नाही. आमची बुद्धी गेली होती काय? आमचा विश्वास कमी होता काय? नाही. ती लिपी ओळखण्याची वाट आमच्यापाशी नव्हती, एवढेच. आणि इतके लांब तरी कशाला जावे? लष्कर भागातील जुन्या मराठी घरांतून आजही मोडी कागदांची बोचकी निघतात. पणजोबांचे पत्र, आपलीच भाषा, आपलेच आडनाव, आणि घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही. त्या घरचे लोक ते पत्र फेकून देत नाहीत. मोडी जाणणारा कोणी शोधतात, त्याच्याजवळ बसतात, आणि पणजोबांचे शब्द त्याच्या तोंडून ऐकतात. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

शास्त्र काय सांगते?

यशया संदेष्ट्याच्या २९ व्या अध्यायात दोन माणसे आहेत. एकाला वाचता येते; त्याच्या हाती पुस्तक दिले तर तो म्हणतो, यावर मोहर आहे. दुसऱ्याला वाचता येत नाही. त्याच्या हाती दिले तर तो म्हणतो, मला अक्षर येत नाही. पुस्तक दोघांनाही बंदच. पण वाचा, देव रागावला आहे तो कोणावर? पुढच्याच वचनात तो सांगतो की हे लोक तोंडाने माझ्याजवळ येतात, पण त्यांचे अंतःकरण दूर आहे. अक्षर न येणाऱ्यावर दोष ठेवलेला नाही. ज्यांच्या तोंडी शब्द आहे आणि मनात नाही, त्यांच्यासाठी ते वचन आहे.

आता प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायातला कूशी अधिकारी पाहा. गज्जाच्या वाटेवर तो रथात बसून यशयाचेच पुस्तक वाचीत होता. त्याला अक्षरे येत होती, अर्थ लागत नव्हता. आमच्या काकांचे याच्या उलट. त्यांना अर्थ ठाऊक आहे, कितीतरी अध्याय तोंडपाठ आहेत, पण अक्षर लागत नाही. एकाला एका गोष्टीची उणीव, दुसऱ्याला दुसरीची. पण दोघांची गरज एकच. त्या अधिकाऱ्याने फिलिप्पाला सांगितले की, कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजेल? आणि त्याने फिलिप्पाला वर येऊन जवळ बसण्याची विनंती केली. फिलिप्पाने रथाच्या बाजूला उभे राहून परीक्षा घेतली नाही. चष्मा घरी राहिला का असे विचारले नाही. तो वर चढला आणि जवळ बसला.

तिसरे वचन प्रकटीकरणाच्या आरंभीचे. तेथे वाचणारा धन्य आणि ऐकणारे धन्य असे म्हटले आहे. लक्ष द्या, वाचणारा एकवचनी आहे, ऐकणारे अनेकवचनी आहेत. पहिल्या मंडळ्यांत घरोघरी पुस्तके नव्हती. पौलाचे पत्र आले म्हणजे एक जण उभा राहून वाची, आणि बाकीचे ऐकत. त्या ऐकणाऱ्यांत दास होते, वृद्ध स्त्रिया होत्या, कधीही अक्षर न शिकलेले लोक होते. त्यांना कोणी दुय्यम ख्रिस्ती म्हटले नाही. स्वतः पौलानेही रोमकरांचे पत्र सांगितले आणि तर्तियाने ते लिहिले. एकाचे तोंड, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचा डोळा, सगळ्यांचे कान. वचन मंडळीपर्यंत पोहोचले ते असे. आज प्रत्येकाच्या हाती पुस्तक आहे, आणि म्हणून आपण हे विसरलो.

यावरून तीन गोष्टी आपल्याला शिकायच्या आहेत.

पहिली गोष्ट : मेंदूची इजा ही विश्वासाची उणीव नव्हे.

जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या ९ व्या अध्यायात प्रभूने दिलेले उत्तर आपण जाणतो. तरी आजही आपल्या मंडळ्यांत कुजबुज होते, की याने प्रार्थना सोडली असेल म्हणून असे झाले, हा मुद्दाम करतो, याचे डोके फिरले. बंधुभगिनींनो, पाय मोडलेल्या माणसाला आपण आळशी म्हणत नाही. मग मेंदूतली एक वाट मोडली तर माणसाला अविश्वासी का म्हणावे? ती इजा दिसत नाही म्हणूनच आपण अधिक जपून बोलले पाहिजे.

आणि याचबरोबर व्यवहाराची दोन वाक्ये. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, एका बाजूचे दिसेनासे झाले किंवा वाचता येईनासे झाले, तर घरी थांबून सकाळची वाट पाहू नका. गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे असेल तर ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचे चित्र घेऊन डॉक्टरांना निर्णय करावा लागतो. म्हणून ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या. प्रार्थना गाडीत बसून करा. देव ती तेथेही ऐकतो. दुचाकीवर बसणाऱ्या तरुणांनी हेल्मेट घालावे, हेही आम्ही व्यासपीठावरून सांगायला लाजत नाही. आणि अशा आजारात कित्येकदा उजव्या बाजूचे अर्धे दिसणेही जाते. रोग्याला ते स्वतः कळतेच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला गाडी चालवू देऊ नये.

दुसरी गोष्ट : एक वाट बंद झाली, तरी देवापाशी वाटा पुष्कळ आहेत.

लूकाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्याची वाचा बंद झाली, तेव्हा त्याने पाटी मागितली आणि मुलाचे नाव लिहून दिले. बोलण्याची वाट बंद होती, लिहिण्याची चालू होती. काकांची वाचण्याची वाट बंद आहे, लिहिण्याची चालू आहे. मग लिहिण्याच्या वाटेने वाचता येईल काय? होय, काही जणांना येते. पॅरिसच्या त्या गृहस्थालाही बोटाने अक्षर गिरवले की ते ओळखू येई. कॅनडातील रहस्यकथा लिहिणारे हॉवर्ड एन्गेल यांना २००१ च्या जुलै महिन्यात एका सकाळी वर्तमानपत्र परक्या लिपीत छापल्यासारखे दिसले. मेंदूला झटका आला होता. त्यांनी हार मानली नाही. अक्षराचा आकार जिभेने दातांच्या मागे गिरवून ते हळूहळू वाचू लागले, आणि २००५ साली त्यांची नवी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यांचे वाचणे पूर्वीसारखे वेगाचे कधी झाले नाही, पण त्यांचे काम थांबले नाही.

मेंदू म्हणजे पक्की भिंत नव्हे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यांत तिशीतल्या स्त्रिया बहुसंख्य होत्या, सहा महिने देवनागरी वाचन शिकवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, एवढ्या अवधीत मेंदूच्या खोल भागांतसुद्धा बदल झालेले दिसले. इजा झालेल्या मेंदूची गोष्ट याहून कठीण आहे, आणि प्रत्येकाचे वाचन परत येतेच असे आम्ही म्हणणार नाही. पण शिकणे वयाने संपत नाही, एवढे यावरून दिसते. वाचा व भाषा यांचे उपचार करणारे तज्ज्ञ आता शहरांतून मिळतात. त्यांचा सल्ला घ्यावा, आणि लवकर घ्यावा.

काकांचा नातू चौथीत आहे. तो रोज संध्याकाळी आजोबांच्या तळहातावर बोटाने अक्षर काढतो. आजोबा डोळे मिटून सांगतात, “प.” मग काना, मग पुढचे अक्षर. एका ओळीला पाऊण तास लागतो. कधी दोन शब्दांवर काका थकतात आणि हात मागे घेतात. कधी दोन दिवस काहीच लागत नाही. हे आम्ही स्पष्ट लिहितो, कारण साक्षीत खोटी भर घालणे बरे नव्हे. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पुष्कळ केली, आणि छापील पान त्यांना आजही बंदच आहे. पौलानेही आपला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली होती. काटा निघाला नाही; कृपा पुरली.

तिसरी गोष्ट : मंडळीने रथात चढून बसावे.

आता त्या मोडी पत्राची गोष्ट आठवा. पणजोबांचे पत्र वाचता येत नाही म्हणून कोणी वारस वारसा सोडत नाही. तो वाचणाऱ्याजवळ बसतो. तसे आपल्या प्रत्येक मंडळीत वाचणाऱ्यांनी न वाचणाऱ्याजवळ बसले पाहिजे. हे दयेचे काम नव्हे. वचन मंडळीला दिलेले आहे, एकट्यादुकट्या डोळ्यांना नव्हे, म्हणून हे मंडळीचे नेहमीचे काम आहे.

आमच्या सभेने काय केले ते सांगतो. आम्ही काकांच्या घरी जाऊन सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागितली. त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून केलेल्या बोधाबद्दल वेगळी मागितली. काका म्हणाले, “झालं ते झालं. पण यादीतलं माझं नाव काढलंस का?” आम्ही म्हणालो, “नाही काका.” आता त्यांच्या पाळीच्या दिवशी नातू त्यांच्या शेजारी उभा राहतो. तो पुस्तकातले अर्धे वचन हळू आवाजात सांगतो, आणि काका ते आपल्या खणखणीत आवाजात सभेला ऐकवतात. पहिल्या दिवशी मुलगा गडबडला, काका थांबले, एक-दोघांनी घसा साफ केला. पण वाचन पुरे झाले. २३ वे स्तोत्र मात्र नातवाला सांगावे लागले नाही. ते काकांनी डोळे मिटून म्हटले, आणि मग पुस्तक मिटून परत दिले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस दोन शब्द

वर्गात वर्तुळात बसवून प्रत्येक मुलाकडून एकेक वचन वाचून घेण्याची आपली पद्धत आहे. तिच्यात एखादे मूल आपली पाळी येईपर्यंत घामाघूम होऊन बसलेले असते. काही मुलांना इजा न होताही, जन्मापासूनच, अक्षरे ओळखायला व जोडायला फार कष्ट पडतात. तो मेंदूच्या इजेचा आजार नव्हे, ती वेगळी अडचण आहे, आणि तिच्यासाठी वेगळी मदत लागते. पण आपल्याकडून होणारी चूक एकच असते. आपण त्या मुलाला ढ ठरवतो, शिक्षा म्हणून वाचायला लावतो, किंवा हसून पुस्तक काढून घेतो.

यास्तव विनंती अशी. ज्याला वाचायचे असेल त्याने हात वर करावा, असे म्हणा. वाचन दोघांना मिळून करू द्या. वचन आधी तोंडाने तीनदा म्हणून घ्या, मग पुस्तकात दाखवा. लहान मुलांना अक्षर वाळूत, तळहातावर, एकमेकांच्या पाठीवर गिरवू द्या. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशयाचे पुस्तक वाचले, ते मिटून सेवकाला दिले आणि खाली बसला. मग तो लोकांना म्हणाला की, हे शास्त्र तुम्ही ऐकत असतानाच पूर्ण झाले आहे. पुस्तक तर तेव्हा मिटलेले होते. जो मुलगा ऐकतो त्याच्याही ठायी शास्त्र पूर्ण होते, हे विसरू नका.

शेवट

वाचकहो, हे पान आपण वाचत आहात, म्हणजे ती वाट आपल्यासाठी अजून उघडी आहे. तिचे आभार माना. आणि या आठवड्यात आपल्या ओळखीच्या अशा एका घरी जा, जेथे पुस्तक आहे पण वाचणारा थकला आहे. एक अध्याय मोठ्याने वाचा. फार बोध करू नका. चहा दिला तर घ्या.

यशयाच्याच पुस्तकात, ४९ व्या अध्यायाच्या १६ व्या वचनात, सीयोनेला वाटते की प्रभू आपल्याला विसरला, तेव्हा तो तिला सांगतो की मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. काकांच्या तळहातावर नातवाचे बोट फिरताना पाहिले की आम्हांला हे वचन आठवते. आपल्याला त्याचे अक्षर ओळखता आले नाही, तरी आपले नाव त्याला वाचता येते. ते हात वधस्तंभावर खिळले गेले, आणि त्यांवर जे कोरले आहे ते कोणत्याही आजाराने पुसत नाही.

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांच्यापुढे पुस्तक बंद झाले आहे त्यांच्याजवळ तू बस. आम्ही ज्यांना हसलो, ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांच्याबद्दल आम्हांला क्षमा कर. आम्हांला फिलिप्पासारखे धावत जाण्याचे पाय आणि वर चढून जवळ बसण्याचे मन दे. वैद्य, परिचारिका व शिकवणारे यांच्या हातांना यश दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.